चौकोनी कडे, गोल बुडबुडा

तार वाकवून चौकोनी कडे करावे, साबणाच्या पाण्यात बुडवावे आणि हळूच फुंकर घालावी. बुडबुडा चौकोनीच निघणार, असे वर्गातले एखादे मूल छातीठोकपणे सांगेल. निघतो तो गोलच. त्या क्षणी मुलाच्या तोंडून जो ‘का?’ बाहेर पडतो, तोच विज्ञानाचा प्रारंभ होय.

पृष्ठताणामुळे साबणाचा पापुद्रा सतत आकसू पाहतो. आणि ठरावीक घनफळ कमीत कमी पृष्ठफळात सामावणारा आकार म्हणजे गोल. सहा सारख्या तारा जोडून चतुष्फलकाचा सांगाडा केला व तो बुडविला, तर आतील सहा पापुद्रे मध्यबिंदूत मिळतात. जेथे तीन पापुद्रे एकत्र येतात, तेथे प्रत्येक कोन १२० अंशांचा असतो. बेल्जियमचा शास्त्रज्ञ जोझेफ प्लाटो याने हे नियम १८७३ साली ग्रंथबद्ध केले; तोवर त्याची दृष्टी पूर्णपणे गेलेली होती. त्यांची गणिती सिद्धता अमेरिकन गणितज्ञ जीन टेलर यांनी १९७६ साली दिली. शंभर वर्षे गणितज्ञांना पुरून उरलेला हा प्रश्न वीतभर तारेत मावतो!

मग आपल्या अनेक वर्गांतून हे का घडत नाही? प्रयोगशाळा नाही, ही सबब येथे टिकत नाही. तार, साबण आणि पाणी खेडोपाडीही मिळते. अडचण आहे ती परीक्षेची. पृष्ठताणाची व्याख्या घोकणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात. न केलेल्या प्रयोगाची निरीक्षणे प्रयोगवहीत उतरविणाऱ्यासही मिळतात. ‘का?’ विचारणाऱ्यास मात्र काहीच मिळत नाही. अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धाकाखाली असलेल्या शिक्षकाने बुडबुड्यांसाठी एक तास दिला, तर जाब त्यालाच द्यावा लागतो. त्याला दोष देऊन काय साधणार?

याहून वेगळा मार्ग अशक्य नाही. मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने प्रयोगालाच पाठ्यपुस्तकाचे स्थान दिले. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगही करावा लागे. २००२ साली शासनाने तो बंद केला. त्याचा धडा मात्र कालबाह्य झालेला नाही. परीक्षा बदलल्याखेरीज अध्यापन बदलत नाही, हा तो धडा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. त्या शब्दाला अर्थ यावयाचा, तर विज्ञानाच्या गुणांतील काही वाटा विद्यार्थ्याने स्वतः विचारलेल्या प्रश्नासाठी आणि स्वतः करून पाहिलेल्या प्रयोगासाठी राखून ठेवला पाहिजे. यासाठी नवी इमारत नको, मोठे अनुदान नको. शिक्षकावर थोडा विश्वास टाकण्याची तयारी हवी. तेवढीही नसेल, तर धोरणातील शब्दांचे आयुष्य बुडबुड्याइतकेच ठरेल.