टिकलीवर टिकली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या देवघरातून एक रुपया बाहेर निघतो. राणी व्हिक्टोरियाच्या छापाचा, १८६२ सालचा. माझ्या आजीने तो दर दिवाळीला चिंचेच्या कोळाने घासला, आईने रांगोळीने घासला, आणि आता घरातली सून बाजारातल्या पांढऱ्या पावडरीने घासते. राणीच्या मुकुटाची नक्षी केव्हाच विरून गेली आहे. पण पाटावर, तांदळाच्या राशीवर तो ठेवला की समईच्या उजेडात असा लखलखतो, की जणू आजच टांकसाळीतून आला आहे.

गेल्या दिवाळीला माझा भाचा न्यूजर्सीहून आला होता. नाण्यांचा छंद त्याला माझ्यामुळेच लागला. त्याबद्दल त्याच्या बायकोचा माझ्यावर थोडा रागही आहे. त्याने पूजेसाठी म्हणून आमच्या रुपयाशेजारी एक चपटी पारदर्शक डबी ठेवली. डबीत फ्रँकलिनच्या छापाचा अर्धा डॉलर होता. १९५२ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेला. डबीच्या माथ्यावर चिठ्ठी होती. चिठ्ठीवर ६५ हा आकडा, आकड्यापुढे अधिकाचे चिन्ह, चिन्हापुढे ‘घंटेच्या रेघा पूर्ण’ अशा अर्थाची तीन अक्षरे, आणि शिवाय डबीला बाहेरून चिकटवलेली एक हिरवी टिकली. ही सारी अक्षरे आणि टिकली नसती तर जेवढे पडले असते त्याच्या कितीतरी पट पैसे त्याने मोजले होते.

मी भिंग आणले आणि म्हणालो, “दाखव पाहू तुझ्या घंटेच्या रेघा.”

तो हसला. “मामा, ते त्यांनी बघितलंय ना! चिठ्ठीवर लिहिलंय की.”

“आणि तू?”

“मी कशाला बघू?”

वाचकहो, या एका ‘कशाला’वर माझे भांडण आहे. भाच्याशी नव्हे, तो गुणी मुलगा आहे. भांडण आहे ते त्याच्या तोंडून हा ‘कशाला’ वदवून घेणाऱ्या व्यवस्थेशी.

ही व्यवस्था मुळात वाईट हेतूने उभी राहिली नाही, हे आधीच कबूल करतो. १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी एक मोजपट्टी बसवली. त्याचा हिशेब सरळ होता: अगदी झिजलेल्या नाण्याची जी किंमत, तिच्या सत्तरपट किंमत निर्दोष नाण्याची. बाजारभाव बदलले, तो हिशेब मोडला, पण आकडे राहिले आणि सेंटांवरून साऱ्या नाण्यांवर पसरले. गंमत अशी, की या शेल्डनसाहेबांनीच न्यूयॉर्कच्या नाणकशास्त्र संस्थेच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्यांच्या जागी हलके ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. ज्याने जगाला प्रत ठरवायला शिकवले, त्याच्याच हातून प्रतीची अदलाबदल झाली!

पुढे व्यापारी बोलू लागले तेच प्रमाण मानण्याची वेळ आली. विकताना ‘अप्रतिम’ असलेले नाणे परत घेताना ‘बरे’ होई. गिऱ्हाईक नाडले जात होते. म्हणून १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी अशा दोन कंपन्यांनी कामाला सुरुवात केली. नाणे खरे आहे की खोटे हे तपासायचे, तिऱ्हाइताच्या नजरेने प्रत ठरवायची, आणि डबीत बंद करून द्यायचे. हे काम मोलाचे होते. दूर गावी बसून टपालाने नाणे मागवणाऱ्याला त्याने आधार दिला. खोट्या नाण्यांचा आज जो सुळसुळाट आहे तो पाहता तो आधार अजूनही हवा आहे. आपल्याकडचे हौशी लोकही आता आपले रुपये आणि मोहरा या कंपन्यांकडे धाडतात, त्यात मला काही गैर वाटत नाही. तेव्हा डबीला माझी हरकत नाही. आकड्यालाही नाही. माझी हरकत टिकलीला आहे.

कारण आकड्याने समाधान झाले नाही. ज्या नाण्याला कोणाचा हातच लागलेला नाही, अशा नाण्यांसाठी ६० ते ७० अशा अकरा पायऱ्या आहेत. त्यातल्या ६५ आणि ६६ या दोन पायऱ्यांत किमतीचा जो फरक पडतो, तो कित्येकदा कारकुनाच्या पगाराएवढा असतो. मग लोक म्हणू लागले, सगळी ६५ सारखी कशी? म्हणून २०१० साली दोन्ही कंपन्यांनी आकड्यापुढे अधिकाचे चिन्ह आणले. दिसायला विशेष देखणे असेल तर एनजीसी चांदणीही देते. तेवढ्यानेही भागेना. २००७ सालीच सीएसी नावाची आणखी एक संस्था निघाली होती. हिचे काम काय? तर दुसऱ्यांनी डबीत बंद केलेले नाणे बाहेरून पाहायचे, आणि ‘होय, दिलेली प्रत या नाण्याला पक्की शोभते’ असे वाटले तर डबीवर हिरवी टिकली लावायची. नाणे दिलेल्या प्रतीपेक्षाही वरचे वाटले तर सोनेरी. ही संस्था काढणारे जॉन अल्बानीज हे एनजीसीच्या संस्थापकांपैकीच एक. आणि २०२३ साली याच सीएसीने स्वतःच प्रत ठरवून डब्या भरायला सुरुवात केली.

या गृहस्थांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण या साखळीकडे जरा लांबून पाहा. व्यापाऱ्यावर विश्वास नाही म्हणून कंपनी आली. कंपनीच्या आकड्यावर पुरता विश्वास नाही म्हणून टिकली आली. प्रत्येक नवी खूण ही आधीच्या खुणेवरचा अविश्वासाचा ठराव आहे. आपल्याकडे एकदा हळदकुंकू लावले की झाले. त्या कुंकवावर ‘हे कुंकू खरे आहे’ अशी दुसरी टिकली कोणी लावत नाही. आणि लावलीच, तर तिसरीला कोणत्या तोंडाने नको म्हणायचे?

कोणी म्हणेल, सगळ्या खुणा एका मापाने मोजू नका. बरोबर आहे. खुणांच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीची खूण नाण्याविषयी एक गोष्ट सांगते. फ्रँकलिनच्या अर्ध्या डॉलरवर, १९४८ ते १९६३ या काळात, मागच्या बाजूला फिलाडेल्फियाची ती प्रसिद्ध तडा गेलेली घंटा आहे. घंटेच्या खालच्या अंगाला आडव्या बारीक रेघा आहेत. ठसा झिजलेला असला किंवा दाब कमी पडला, तर धातू ठशाच्या खोबणीत पुरता चढत नाही आणि रेघा एकमेकींत मिसळतात. रेघा अखंड असतील तर ते नाणे नीट पाडलेले आहे असे समजावे. ही माहिती झाली. ती डोळ्याला पडताळता येते. तिचे मी स्वागत करतो.

पण माहितीची किंमत झाली की ती माहिती राहत नाही. एक कंपनी रेघांचा खालचाच संच पाहते, दुसरी दोन्ही संच पाहते. तेव्हा एकच नाणे एका डबीत ‘पूर्ण’ आणि दुसऱ्या डबीत अपुरे ठरू शकते. उभ्या स्वातंत्र्यदेवतेच्या पाव डॉलरवर देवतेचे मस्तक स्पष्ट उठले की ‘पूर्ण मस्तक’ अशी खूण मिळते. मग तिच्या हातातल्या ढालीवरचे खिळे सपाट असले तरी चालतात. बाजाराने मस्तकाला पैसे दिले, ढालीला दिले नाहीत, म्हणून ढालीकडे कोणी पाहत नाही. १९४५ सालचा फिलाडेल्फियाचा दहा सेंटांचा तुकडा घ्या. तो कोटींच्या संख्येने निघाला. साधा घ्याल तर किरकोळीत मिळतो. पण मागच्या मोळीवरचे मधले पट्टे सुटे उठले असतील तर हजारो डॉलर! केसाएवढी एक खोबण, आणि तिच्या अलीकडे चणेकुरमुरे, पलीकडे घराचे भाडे. तांब्याच्या नाण्यांची तर आणखी मौज. त्यांना ‘लाल’, ‘लाल-तपकिरी’ आणि ‘तपकिरी’ अशा पदव्या आहेत. तांबे हवेला भिऊन बदलत राहते, चिठ्ठी बदलत नाही. चिठ्ठी ‘लाल’ म्हणून ओरडत असते आणि आत नाणे निमूट तपकिरी होत असते.

दुसऱ्या जातीची खूण नाण्याविषयी काहीच सांगत नाही. अधिकाचे चिन्ह, चांदणी, हिरवी टिकली ही जात. ती सांगते एवढेच, की ‘आम्हांला हे आवडले.’ का आवडले, नाण्याच्या कोणत्या अंगात ते बळ आहे, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. घंटेच्या रेघा मला भिंगातून मोजता येतात. टिकली कशातून मोजावी? पहिली खूण म्हणते ‘येथे पाहा.’ दुसरी म्हणते ‘पाहू नकोस, आम्ही पाहिले आहे.’ पहिली गुरूची आहे, दुसरी मध्यस्थाची.

मध्यस्थ आला की त्याचे पोट आले. तपासणीला फी पडते; नाणे जितके मोलाचे, तितकी फी चढी. आकडा कमी पडला तर लोक डबी फोडतात आणि तेच नाणे पुन्हा पाठवतात, कदाचित या खेपेला वरची पायरी मिळेल म्हणून. नाणे तेच, टांकसाळ तीच. वाढते फक्त चिठ्ठी. शिवाय कंपन्यांनी संग्रहांच्या नोंदवह्या उघडल्या आहेत. तेथे प्रत्येक संग्राहकाच्या आकड्यांची बेरीज होते आणि वर्गातल्या मुलांसारखे त्यांचे क्रमांक लागतात. अधिकाच्या एका चिन्हासाठी प्रौढ माणसे तेथे पदर खोचून धावतात. त्यांना नाणे नको असते, क्रमांक हवा असतो.

हा रोग आपल्याला नवा नाही. आपल्या पूर्वजांनी तो भोगला आहे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी अशा रुपयांच्या नाना जाती चालत, आणि एकीच्या बदली दुसरी घ्यायची तर सराफ बट्टा कापून घेई. बंगालात तर कमालच होती. चालू सालचा रुपया ‘सिक्का’ म्हणून पुऱ्या किमतीला जाई. तोच रुपया वर्षा-दोन वर्षांचा झाला की ‘सनात’ ठरे आणि त्यावर बट्टा बसे. चांदी तेवढीच, वजन तेवढेच. फरक फक्त छापलेल्या सालाचा. हा फरक शेतकऱ्याने निर्माण केला नव्हता, आणि त्यावर शेतकरी जगतही नव्हता. जगत होता सराफ. शेवटी कंपनी सरकारने शाह आलमच्या कारकीर्दीचे १९ वे वर्ष हेच साल नाण्यांवर कायमचे छापत राहण्याची तोड काढली, आणि १८३५ साली १८० ग्रेनचा एकच रुपया सगळीकडे आणला. आज आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, तेव्हा त्या जुन्या नाडवणुकीचीच आठवण आपल्या जिभेवर असते. फरक एवढाच की तेव्हा साध्या रुपयाला बट्टा लागे; आता टिकली नसलेल्या चांगल्या नाण्याला तो लागतो. ‘याला टिकली का बरे मिळाली नाही?’ असा संशय त्याच्या कपाळी येतो. कदाचित ते तेथे कोणी पाठवलेलेच नसते!

मग करावे काय? मी वैराग्य सांगत नाही. छंदात पैसा लागतो आणि पैशाला राखणदार लागतो. माझे म्हणणे तीन वाक्यांत सांगता येईल. नाणे खरे आहे की नाही हे तज्ज्ञाला विचारा, आणि त्याची फी आनंदाने द्या. जी खूण भिंगाने पडताळता येते ती वाचा, पण आधी भिंग लावा आणि मग वाचा. आणि जी खूण पडताळता येत नाही, तिच्यासाठी एक पैसाही जादा देऊ नका; तेवढ्या पैशांत एखादे चांगले पुस्तक आणि एक चांगले भिंग येते, आणि ते जन्मभर पुरते. विकायच्या वेळी टिकलीमुळे चार पैसे अधिक येतात, असे कोणी म्हणेल. येत असतील. पण ज्याने विकायच्या वेळेसाठीच घेतले, त्याने ते नाणे एक दिवसही जवळ बाळगले असे मी मानत नाही.

त्या रात्री भाच्याच्या हातात मी भिंग दिलेच. समईशेजारी बसून त्याने डबी तिरपी धरली. घंटेच्या खालच्या रेघा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड होत्या. चिठ्ठी खरी निघाली! कोणाला वाटेल, मामाचा पराभव झाला. पण भाचा दहा मिनिटे मान वर करीना. “मामा, ही तड बघितलीत का? आणि हा इवलासा गरुड?” असे तो म्हणाला, तेव्हा त्या नाण्याचा तो प्रथमच धनी झाला. इतके दिवस तो चिठ्ठीचा धनी होता.

मग त्याने आमचा रुपया उचलला. मुंबईच्या टांकसाळीने १८६२ हेच साल पुढे कित्येक वर्षे छापले, आणि निरनिराळ्या वर्षांचे रुपये ओळखू यावेत म्हणून तारखेखाली बारीक ठिपके दिले, हे मी त्याला सांगितले होते. ते ठिपके तो शोधू लागला. सापडले नाहीत. ते मुळातच नव्हते, की तीन पिढ्यांच्या चिंचेने आणि रांगोळीने खाल्ले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. घासलेल्या नाण्याला त्या कंपन्या आकडा देत नाहीत; ‘घासलेले’ एवढाच शेरा मारतात. तो शेरा मात्र मला मान्य आहे, कारण तो खरा आहे आणि डोळ्याला दिसतो.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीला एवढे ऐका. पूजेचा नेहमीचा रुपया खुशाल घासा. तो देवीचा आहे. पण जुन्या पेटीच्या तळाशी एखादे काळवंडलेले नाणे सापडले, तर त्याला चिंच लावू नका आणि त्याच्यासाठी टिकलीही शोधू नका. खिडकीपाशी जा, भिंग लावा, आणि आधी नीट पाहा.