दुर्दैवाने

वाचकहो, ऐन दिवाळीत हा शब्द मथळ्याला पाहून आपण दचकला असाल. पण दोष सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा आहे. एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते, 'दुर्दैवाने त्या दिवशी गुरुजी शाळेत आले.' मी हसत लाल पेन्सिल उचलली खरी. पण वाक्यात चूक काही सापडेना.

क्रियाविशेषण क्रियेविषयी अधिक माहिती देते, असे आपण शाळेत शिकतो. 'गुरुजी हळूच आले' म्हटले की कसे आले ते कळते. 'दुर्दैवाने आले' म्हटले की गुरुजींच्या येण्याची तऱ्हा कळत नाही. कळते ते सांगणाऱ्याचे मन. 'खेदाने' हा शब्द शेजारी ठेवून पाहा. 'तो खेदाने हसला' ह्यात खेद हसणाऱ्याचा. 'दुर्दैवाने तो हसला' ह्यात खेद सांगणाऱ्याचा. हसणारा मजेत असेल! म्हणूनच हा शब्द बहुधा वाक्याच्या आरंभी येतो आणि साऱ्या वाक्याला व्यापतो.

दैव म्हणजे देवाकडून आलेले. त्याच्यामागे 'दुर्' आणि पुढे तृतीयेचा 'ने' लागला. त्याचाच भाऊ 'कमनशिबाने'. त्यातला 'कम' फारसी, 'नशीब' अरबी आणि मूळ अर्थ वाटा. 'ने' तेवढा आपला. शब्द कुठूनही आणा, 'ने' लावून दोष दुसऱ्याच्या पदरात घालण्याची सोय घरचीच!

ती सोय मीही वापरली. यंदा श्रावणात माझी मावशी गेली. चार महिने अंथरुणाला खिळून होती. तिचे घर लोकलने तासाभरावर. पण आधी पेपर तपासायचे होते, मग प्रवेश सुरू झाले, मग पाऊस लागला. ती गेल्यावर तिच्या मुलीला, ताईला, मी पत्र लिहिले : 'दुर्दैवाने मावशीची भेट राहून गेली.' पत्र आईला वाचून दाखवले.

आई म्हणाली, "दैवाने काय केलं रे? तिनं दोनदा तुझी आठवण काढली, मी दोनदा तुला सांगितलं. गाड्या तर चालूच होत्या."

"आई, असं लिहायची रीत आहे."

"असेल. पण तू गेला नाहीस, हे ह्यात कुठं आहे?"

कुठेच नव्हते. मराठी शिकवण्यात हयात घालवणाऱ्या माझ्या वाक्यात 'भेट' कर्ता होती आणि ती आपली आपण राहून गेली होती! मी ते वाक्य खोडले. 'मावशीला भेटायला यायला हवे होते. मी आलो नाही,' एवढेच लिहिले. त्या दोन वाक्यांना उरलेल्या पत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

शब्द वाईट नाही. जिथे कुणाचाच हात चालत नाही, तिथे तोच शोभतो. फक्त वापरण्यापूर्वी त्याच्या जागी 'माझ्यामुळे' घालून पाहावे. वाक्य खोटे झाले तर 'दुर्दैवाने' खुशाल ठेवावे. खरे ठरले तर खोडावे.

ताईचे उत्तर परवाच आले. 'यंदा आमच्याकडे सण नाही. पण भाऊबीजेला तू ये. ह्या खेपेस दैवावर सोपवू नकोस.'

सकाळच्या पहिल्या गाडीने जाणार आहे.