विषादात विष नाही

खोल खिन्नतेसाठी इंग्रजीत ‘मेलँकली’ हा शब्द आहे. ग्रीक भाषेत ‘मेलास’ म्हणजे काळे व ‘खोले’ म्हणजे पित्त. शरीरात काळे पित्त वाढल्याने मन खिन्न होते, अशी प्राचीन ग्रीक वैद्यकाची धारणा होती. ती लोपली, शब्द उरला.

शब्दाचा उगम वरवर पाहून कळत नाही. रसायनीचे नाव घेताच कारखाने आठवतात. आयुर्वेदात मात्र ‘रसायन’ म्हणजे वार्धक्य दूर ठेवणारे औषध. ‘विषाद’ या शब्दातही ‘विष’ नाही. ‘सद्’ म्हणजे बसणे, खचणे. या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागला आहे. ‘प्रसन्न’ हा शब्दही त्याच धातूचा.

म्हणून ‘मेलँकली’साठी ‘विषाद’ हाच प्रतिशब्द मला उचित वाटतो. तो दुःखी माणसाला दूषित ठरवत नाही, खचलेला म्हणतो. आणि खचलेल्याला आधार देता येतो.