मतदारांच्या संमतीला मुदत किती?

आमच्या प्रतिनिधीकडून

कोल्हापूर : शहराच्या नावावर कर्ज काढताना किंवा दीर्घ मुदतीचा करार करताना नागरिकांची संमती घ्यावी काय, आणि घेतली तर ती किती काळ ग्राह्य धरावी? टोलविरोधी आंदोलनाने उपस्थित केलेला हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. प्रशासकाच्या पाच वर्षांच्या कारभारानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने महापालिकेत पुन्हा लोकनियुक्त सभागृह आल्यामुळे त्याचा विचार व्हायला हवा.

अमेरिकेत शाळा, रस्ते, पाणी योजनांसाठी कर्जरोखे काढण्यापूर्वी अनेक ठिकाणी मतदारांचा कौल घेतला जातो. नॉर्थ कॅरोलिना राज्यात या मंजुरीनुसार सर्वसाधारणपणे सात वर्षांत रोखे काढावे लागतात. ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढविता येते. मुदत असते ती कर्ज काढण्याच्या परवानगीला. एकदा काढलेल्या कर्जाची परतफेड मात्र बंधनकारकच राहते. अर्थात, केवळ वर्षे मोजून भागत नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २००८ मध्ये अतिवेगवान रेल्वेसाठी ९.९५ अब्ज डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. तेव्हा सुमारे ३३ अब्ज डॉलर सांगितलेला खर्च पुढे १०० अब्जांपलीकडे गेला. कौल मात्र जुनाच राहिला.

आपल्याकडे असा कौल घेण्याची तरतूद नाही. सभागृहाचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी हीच जनतेची संमती मानली जाते. सभागृहाची मुदत पाच वर्षे, जबाबदारी मात्र त्याहून कितीतरी लांब. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे दहा वर्षे मुदतीचे रोखे काढले. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली.

कोल्हापूरचा अनुभव याहून बोलका आहे. रस्ते विकास प्रकल्पाचा तीस वर्षांच्या टोलचा करार २००५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाच्या काळात झाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, तेव्हा २०१० चे सभागृह होते. डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने टोल रद्द करण्याची घोषणा केली, तेव्हा तिसरे सभागृह आले होते. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली नागरिकांनी आपले मत दिले ते मतपेटीत नव्हे, रस्त्यावर. आणि तेही रस्ते झाल्यानंतर. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले. अखेर कंपनीला भरपाई देण्याचा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे पर्यायाने करदात्यांवरच पडला.

प्रत्येक नव्या सभागृहाने जुने करार मोडावेत, असा याचा अर्थ नाही. तसे झाले तर कोणतीही वित्तसंस्था महापालिकेला कर्ज देणार नाही. परंतु सही होण्यापूर्वीच्या ठरावाला मुदत घालता येईल. दोन-तीन वर्षांत काम सुरू न झाल्यास किंवा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे वाढल्यास तो विषय पुन्हा सभागृहापुढे आणि नागरिकांच्या हरकतींसाठी खुला झाला पाहिजे. एकाच प्रश्नावर थेट मत घेणे महाराष्ट्राला नवे नाही. दारूबंदीसाठी महिलांनी ‘आडव्या बाटली’ला मतदान केल्याची उदाहरणे आहेत.

रस्ते, पाणी, पंचगंगेचे प्रदूषण या सर्वच कामांना कोल्हापूरला पैसा लागणार आहे. कर्जाचा प्रस्ताव येईल तेव्हा रक्कम आणि व्याजदराबरोबरच मंजुरीची मुदतही ठरावात लिहिली जावी, हा आग्रह नागरिकांनी आतापासूनच धरला पाहिजे.