टाकीतल्या कराचा हिशेब द्या!

'पेट्रोल वाढलं की सगळ्यांनाच झळ बसते' हे वाक्य मला कुणी ऐकवू नये. सगळे म्हणजे कोण?

मी मुंबईत पार्सलं पोचवतो. गाडी माझी, हप्ता माझा, पेट्रोल माझं. कंपनीचं फक्त नाव, तेही माझ्याच पाठीवर. टाकी फुल अशी कधी केलीच नाही. शंभराचं टाक, दीडशेचं टाक. सिग्नलला इंजिन बंद. उतारावरही बंद, जीव मुठीत धरून. घरी आई गॅस पुरवून वापरते. डाळ रात्रीच भिजत घालते, आंघोळीचं पाणी पुन्हा ढलप्यांवर तापवते. रेशनचं रॉकेल केव्हाच आटलं.

आणि ज्याच्या दारात तीन मोटारी, त्याच्या पेट्रोलचं बिल ऑफिस भरतं. लिटरमागं कर मात्र दोघांना एकच. ही यांची समता!

आता यांचा बाजार बघा. 2010 साली पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला, 2014 साली डिझेलचा. म्हणाले, जगात तेल चढलं की चढेल, उतरलं की उतरेल. 2020 च्या एप्रिलात तेल मातीमोल झालं. आपली माणसं तेव्हा हायवेनं पायी गाव गाठत होती. त्याच मार्च आणि मेमध्ये दिल्लीनं पेट्रोलवर लिटरमागं 3 आणि 10, मिळून 13 रुपये कर चढवला. स्वस्ताई आपल्या पदरात पडायच्या आधीच लुटली. मे 2021 मध्ये मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं. मग नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये 5 आणि 8, म्हणजे तेच 13 उतरवले. वर उपकाराची भाषा! मधल्या दोन वर्षांचा मलिदा कुणी खाल्ला?

1925 साली बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या तिजोरीवरचा ग्रंथ आला. फोटोला हार घालणाऱ्यांनी तो उघडावा. मेमधल्या त्या 10 रुपयांपैकी 8 रुपये सेस होता. सेसमधून राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. राज्यही साळसूद नाही, ते वरून आपला व्हॅट लावतंच.

दोस्तांनो, भाववाढ हा काही निसर्गाचा कोप नाही. कुणीतरी टेबलावर बसून सही करतं, तेव्हा आपली चूल विझते. म्हणून मागा: पंपाच्या प्रत्येक पावतीवर कराचा आकडा छापा. कंपनीनं किलोमीटरमागं पेट्रोल द्यावं.

भीक नको. हिशेब पाहिजे.