सहा बाय दोन फुटांचा कायदा

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि डोक्यावर सहा फूट. चिनी प्रवासी घेऊन हाँगकाँगहून सुटणाऱ्या जहाजात माणशी एवढी जागा असलीच पाहिजे, असे ब्रिटिश पार्लमेंटने 1855 च्या ‘चायनीज पॅसेंजर्स ॲक्ट’मध्ये ठरवून दिले. कायद्याच्या भाषेत 12 चौरस फूट आणि 72 घनफूट. त्याच वर्षी त्याच पार्लमेंटने ब्रिटनमधून अमेरिका-ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या प्रवाशांसाठीही कायदा केला, त्यात माणशी किमान 15 चौरस फूट होते. चिनी माणूस तीन चौरस फुटांनी लहान असतो, असे लंडनमध्ये कुणाला तरी वाटले असावे.

एवढ्यावरून हा कायदा म्हणजे निव्वळ ढोंग, असा निकाल देऊन मोकळे होता येते. आम्हाला तो निकाल घाईचा वाटतो. या कायद्यात ज्यांना ब्रिटिश माणुसकीचा पुरावा दिसतो, त्यांचे म्हणणेही गळी उतरत नाही. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे, म्हणूनच हे प्रकरण नीट तोलून पाहण्याजोगे आहे.

आधी मागणी कुठून आली ते पाहू. गुलामांच्या व्यापारावर बंधने आल्यावर क्यूबातल्या ऊसमळ्यांना आणि पेरूतल्या चिंचा बेटांवरच्या पक्ष्यांच्या विष्ठेच्या खताला माणसे हवी होती. 1847 मध्ये ‘ओकेन्दो’ हे जहाज पहिले चिनी मजूर घेऊन हवानाला पोहोचले. पुढच्या 27 वर्षांत क्यूबात सुमारे सव्वा लाख आणि पेरूत नव्वद हजारांच्या वर चिनी माणसे उतरवली गेली. क्यूबाचा करार आठ वर्षांचा, पगार महिना चार पेसो. सुरुवातीला या प्रवासाला धरबंध असा नव्हताच. 1852 मध्ये ‘रॉबर्ट बाऊन’ या अमेरिकी जहाजाच्या कप्तानाने स्वच्छतेच्या नावाखाली मजुरांना डेकवर आणून थंड पाण्याने घासले आणि त्यांच्या शेंड्या कापल्या. त्या काळच्या चिनी पुरुषाची शेंडी म्हणजे त्याची अब्रू आणि राजाज्ञेचे पालन, दोन्ही. मजूर उठले, कप्तान मारला गेला. 1855 च्या ऑक्टोबरात ‘वेव्हर्ली’ जहाजावर मनिलाजवळ दंगल झाली, तेव्हा कप्तानाने मजुरांना खाली कोंडून झडपा बंद केल्या. झडपा उघडल्या तेव्हा आत अडीचशेहून अधिक माणसे गुदमरून मेलेली होती.

ही दोन्ही जहाजे अमेरिकी होती, तरी ब्रिटिश जहाजांची कीर्ती फारशी वेगळी नव्हती. अशा धंद्यावर सरकारने काय करावे? बंदी घालावी, की नियम करावेत?

ब्रिटनने नियम केले. हाँगकाँगच्या बंदरातून सुटणारे कोणत्याही देशाचे जहाज आणि चीनच्या किनाऱ्यावरून सुटणारे ब्रिटिश जहाज, वीसहून अधिक आशियाई प्रवासी असतील आणि सफर सात दिवसांहून लांबची असेल, तर कायद्याखाली येई. स्थलांतर अधिकाऱ्याचा दाखला मिळाल्याशिवाय नांगर उचलायचा नाही. जहाज समुद्रात टिकणारे आहे का, हवा खेळती आहे का, तांदूळ, खारवलेले मासे, चहा, सरपण, पाणी, औषधे पुरेशी आहेत का, हे अधिकाऱ्याने तपासायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रवाशांना समोर उभे करून विचारायचे : कुठे निघाला आहात ते ठाऊक आहे का? करार समजला आहे का? स्वखुशीने जाता का?

कायद्याच्या बाजूने बोलायचे तर या तिसऱ्या प्रश्नाचे मोल कमी नाही. मजूर ही मालाची गोण नाही, त्याला विचारावे लागते, एवढे तरी राज्यसंस्थेने लेखी मान्य केले. जागा, पाणी आणि हवा यांचा संबंध थेट मृत्यूशी होता. हगवण आणि ताप दाटीतच फोफावतात. शिवाय हाँगकाँगहून जाणारे सगळेच करारबंद नव्हते. कॅलिफोर्नियाच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या ओढीने हजारो जण स्वतःच्या किंवा उसन्या पैशाने तिकीट काढून निघत. दाखल्याची अट त्यांच्याही उपयोगाची होती. ती जाचक आहे अशी ओरड व्यापाऱ्यांनी केली, यावरूनच ती अगदीच कागदी नसावी असे दिसते.

आता दुसरे पारडे. कायदा लागू झाल्यावर 1856 मध्येच ‘ड्यूक ऑफ पोर्टलंड’ हे जहाज हाँगकाँगहून क्यूबाला निघाले. निघताना 332 चिनी होते, वाटेत 128 मेले. म्हणजे दर पाचांतले जवळजवळ दोन. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. मोजमाप पूर्ण करूनही इतकी माणसे मरत असतील, तर मोजलेल्या गोष्टी चुकीच्या होत्या किंवा मोजणारा डोळे झाकून होता. आमच्या मते दोन्ही थोडे थोडे. निराश, फसवले गेलेले, अनेकदा जहाजावर चढण्याआधीच आजारी असलेले लोक 72 घनफूट हवेने तगत नाहीत. काहींनी समुद्रात उडी घेतली, काहींनी अन्न सोडले. फुटपट्टीला याची नोंद करता येत नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. हाँगकाँगपासून मकाव काही तासांच्या अंतरावर. तिथे पोर्तुगीजांचे राज्य, कायदा त्यांचा. हाँगकाँगमध्ये चौकशी कडक होऊ लागली तसा करारबंद मजुरांचा धंदा मकावला सरकला. तिथल्या कोठड्यांत पळवून आणलेली, जुगारात हरलेली, नोकरीच्या थापांनी भुललेली माणसे जहाजाची वाट पाहत कोंडलेली असत. दाखला देण्यापूर्वी ‘राजीखुशीने जातोस ना?’ हा प्रश्न तिथेही विचारला जाई, पण उत्तर दलालांनी आधीच धमकावून पढवलेले असे. हाँगकाँगचे हातही कोरडे नव्हते. मकावची जहाजे सज्ज करायचे, त्यांना लोखंडी जाळ्या नि अडसर बसवायचे काम हाँगकाँगच्या गोद्यांत होई. माणूस चढवायला मनाई आणि पिंजरा बनवायला परवानगी! यावर हाँगकाँगने कायद्याने बंदी घातली ती 1873 मध्ये.

यावर ब्रिटिश अधिकारी सांगत की कठोर नियम केले की धंदा शेजारी पळतो, म्हणून नियम सौम्य ठेवावेत. आज कामगार कायद्यांच्या चर्चेतही हाच सूर ऐकू येतो. त्यात तथ्य नाही असे नाही, पण तो युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर कुठलाच नियम उरत नाही. मकावकडे बोट दाखवून हाँगकाँगला सूट देण्यापेक्षा मकाववर दबाव आणणे हा उपाय होता. उशिरा का होईना, तो झालाही.

जहाजाची मोजमापे दुधारी असतात, हे ऑस्ट्रेलियाने दाखवून दिले. व्हिक्टोरिया वसाहतीनेही 1855 मध्येच कायदा केला : जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी, आणि माणशी दहा पौंड कर. इथे जागेचा नियम प्रवाशाच्या सोयीसाठी नव्हता, त्याने येऊच नये यासाठी होता. जहाजांनी काय केले? ती शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब या छोट्या बंदरात लागली. 16,000 हून अधिक चिनी तिथे उतरले आणि बॅलरॅट, बेंडिगोच्या खाणींपर्यंत शेकडो मैल पायी गेले. तेव्हा एखाद्या नियमात फूट आणि टन दिसले, म्हणून तो दयेपोटी केलेला आहे असे धरून चालता येत नाही.

बंदी की नियमन, हा पेच आपल्या किनाऱ्यालाही परका नव्हता. मॉरिशसला जाणाऱ्या हिंदी मजुरांच्या हालांवरून ओरड झाल्यावर 1839 मध्ये त्यांची भरती बंद झाली. 1842 मध्ये ती नियमांसह पुन्हा सुरू झाली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून. रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे मुंबईहूनच त्या बेटावर गेली. मॉरिशसचा आजचा मराठी समाज त्यांच्यातून उभा राहिला. बंदी चालू राहिली असती तर काही जण फसवणुकीतून वाचले असते आणि काही जण गावाकडच्या उपासमारीत अडकले असते. ‘त्यांना जाऊच द्यायला नको होते’ असे आज म्हणताना जाणाऱ्यालाही काही मर्जी होती, हे विसरू नये.

चीनमध्ये या मर्जीची जरा प्रामाणिक चौकशी एकदा झाली होती. 1859 मध्ये कँटनमध्ये अपहरणांचा कहर झाल्यावर तिथला अधिकारी लाओ चोंगग्वांग याने इंग्रजांशी मसलत करून स्वेच्छेच्या स्थलांतराला उघड परवानगी दिली. भरतीची घरे चिनी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आली. ब्रिटिश गयानाला जाणाऱ्यांत सहकुटुंब निघालेलेही होते. हा प्रयोग निर्दोष नव्हता, आणि कँटन तेव्हा इंग्रज-फ्रेंच फौजांच्या ताब्यात होते, हे नजरेआड करता येणार नाही. तरीही तपासणी जहाजाच्या शिडीवरून मागे सरकून भरतीच्या दारापर्यंत आली, हा फरक मोठा होता.

पुढचे पाऊल मात्र ब्रिटनला झेपले नाही. 1866 मध्ये चीनने ब्रिटन आणि फ्रान्सशी करार केला, त्यात मजुरीची मुदत पाच वर्षे आणि ती संपल्यावर परतीचा प्रवास मालकाच्या खर्चाने, अशा अटी होत्या. दोन्ही सरकारांनी तो करार मंजूर केला नाही. आमचा कल ठरतो तो इथे. जहाजावरचे पाणी मोजायला तयार असलेले सरकार परतीच्या तिकिटाचा खर्च म्हटल्यावर मागे हटते, तेव्हा त्याच्या नियमनाची सीमा कुणाच्या खिशाशी संपते ते कळते. 1855 च्या कायद्याने काही जीव वाचवले असतील. ते श्रेय त्याला द्यावे. पण भरतीघर आणि मळा ही प्रवासाची दोन्ही टोके त्याने मोकळी सोडली, आणि मधल्या प्रवासावर सरकारी शिक्का मारला. शिक्का होता म्हणून बाकीच्याकडे पाहण्याची निकड कमी झाली, हा त्याच्यावरचा सर्वांत गंभीर आरोप आम्हाला मान्य आहे.

धंदा थांबला तो दुसऱ्याच रेट्याने. 1872 मध्ये मकावहून पेरूला निघालेले ‘मारिया लूझ’ योकोहामाला थांबले असता एका मजुराने समुद्रात उडी मारून ब्रिटिश युद्धनौका गाठली. जपानी अधिकारी ओए ताकु याने खटला चालवून दोनशेवर चिन्यांना मोकळे केले. खटल्यात कप्तानाच्या वकिलाने जपानमधल्या वेश्यांच्या विक्रीच्या करारांकडे बोट दाखवले आणि त्याच वर्षी जपानला ते करारही रद्द करावे लागले. 1873 अखेर पोर्तुगालने मकावमधून मजूर पाठवणे बंद केल्याचे जाहीर केले. 1874 मध्ये चेन लानबिन याच्या नेतृत्वाखालचे चिनी चौकशी मंडळ क्यूबाला गेले आणि त्याने 1,176 जबान्या घेतल्या. जबानी देणाऱ्यांपैकी दहांत आठ जणांनी सांगितले की आपल्याला पळवून किंवा फसवून आणले. समुद्रावरच्या मृत्यूंचे प्रमाणही मंडळाने दहा टक्क्यांच्या वर दिले. 1877 मध्ये चीन-स्पेन तहाने क्यूबाकडची करारबंद भरती संपली, आणि 1879 मध्ये हवानात चीनची वकिलात उघडली. करार संपूनही कागदांअभावी मळ्यांत अडकलेल्या माणसांना दाखले देण्याचे काम ती करू लागली.