जुन्या वस्तूंची पारख : कमांडोंची सुरी

दुसरें महायुद्ध संपून ऐंशी वर्षें उलटलीं. घरांतील कोणी वडीलधारे त्या काळीं लष्करांत असतील, तर माळ्यावरच्या ट्रंकेंत बिल्ले, कागदपत्रें आणि क्वचित् एखादी निमुळती, दुधारी सुरी सांपडते. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मुलांच्या हातीं लागण्यापूर्वीं हें भंगारांत द्या. दुसऱ्यास तींत लाखाची रक्कम दिसूं लागते. कोणाचेंही ऐकण्यापूर्वीं ती वस्तु नीट न्याहाळावी.

उदाहरणादाखल संग्राहकांस अतिशय प्रिय अशी फेअरबेर्न-साइक्स सुरी घेऊं. हे दोघेही शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत काम केलेले. तेथील गल्लीबोळांतल्या झटापटींचा अनुभव घेऊन ते इंग्लंडास परतले व १९४० च्या नोव्हेंबरांत त्यांनीं लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीपुढें आपली कल्पना मांडली. १९४१ च्या आरंभीं पहिल्या सुऱ्या तयार झाल्या.

हिचे मुख्य नमुने तीन. पहिल्याची ओळख अगदीं सोपी : मुठीखालची आडवी पट्टी इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली, आणि पात्याच्या मुळाशीं एक लहानसा सपाट चौकोन. १९४२ च्या ऑगस्टपासूनच्या दुसऱ्या नमुन्यांत पट्टी सरळ झाली व चौकोन गेला. दोहोंची मूठ पितळेची, बारीक खरखरीत नक्षीची. १९४३ च्या अखेरीस निघालेल्या तिसऱ्या नमुन्याची मूठ मात्र जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव आणि आडव्या कंगोऱ्यांची. ओतकाम सोपें, म्हणून उत्पादन झपाट्यानें वाढलें. किंमतीचा क्रमही साधारणतः हाच. पहिला नमुना थोडा बनला, म्हणून सर्वांत महाग.

खरी फसगत होते ती तिसऱ्या नमुन्यांत. ही सुरी युद्धानंतरही बनत राहिली. शेफील्डचे कारागीर ती आठवणीची वस्तु म्हणून पुढेंही विकीत आले. तेव्हां कंगोऱ्यांची मूठ दिसली म्हणजे सुरी युद्धकाळची ठरली, असें मुळींच नाहीं. सरकारी मालकीची बाणाची खूण पाहावी. पण तिच्यावरही डोळे मिटून विसंबूं नये, कारण ठसा मागाहून उठवितां येतो. भिंगाखालीं पाहावें : भोंवतालचा पृष्ठभाग काळवंडलेला आणि ठशाच्या खांचेंत धातु लखलखीत, तर संशय धरावा. टोंकही तपासावें. हें पातें फार निमुळतें असल्यामुळें टोंक सहज मोडे, व पुन्हां घांसून काढलेल्या टोंकाची सुरी आंखूड भरते. तिचें मोल उतरतें.

आतां गृहिणींस एक विनंति. दिवाळीच्या साफसफाईंत चिंच व रांगोळी घेऊन हिच्यामागें लागूं नये! मुठीवरचा मूळचा काळा किंवा रुपेरी मुलामा एकदां गेला, कीं खालचें पितळ कितीही चमको, जाणता ग्राहक तोंड फिरवितो. धार लावणें हाही तसाच अपराध; त्यानें पात्यावर कोरलेलें कंपनीचें नांवही झिजतें. मऊ फडक्यानें धूळ पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात पात्यावर द्यावा, एवढेंच पुरे. कातडी म्यान फेंकूं नये, तिलाही वेगळी किंमत येते. मात्र सुरी तींत घालून ठेवूं नये, कातड्यांतील आम्लानें व ओलाव्यानें पातें गंजतें. दोन्ही शेजारीं शेजारीं, कोरड्या कपड्यांत गुंडाळून ठेवावीं, आणि ट्रंकेंतले लष्करी नोकरीचे कागद त्यांच्याच जवळ.